काचवाल्याची पिकअप

आमच्या मुलीला एक वाईट खोड लागली आहे. वडील समोर बसलेले असतात आणि ती त्यांच्याविषयी मला विचारते. "आई, बाबांनी खाल्लं का? आई, बाबांना ऊन लागतंय का? आई, बाबा आज जरा बरे दिसतात, नाही?" कपाटाबद्दलसुद्धा माणूस इतकं परकं बोलत नाही. आणि थेट त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर असा आवाज काढते, जणू पाळण्यातल्या बाळाला बाटलीने दूध पाजते आहे. "कोण बरं शहाणं? कोण गोळी घेणार आता?" ज्या माणसाने चाळीस वर्षं आठ-आठ फुटी काचा खांद्यावरून चढवल्या, त्याला ही विचारते, कोण शहाणं.

त्या रविवारी सकाळीही तेच चाललं होतं. आम्ही पत्र्याच्या शेडखाली होतो. ह्यांची चाकांची खुर्ची मी पिकअपच्या उजव्या अंगाला लावली होती. जावई गाडीखाली आडवे झाले होते, बाहेर नुसते बूट. मुलगी फोनवर वेळ बघत उभी.

"आई, बाबांना इथे कशाला आणलंस? या वासाचा त्रास होईल त्यांना."

"चाळीस वर्षं हाच वास अंगाला लावून घरी आलेत ते," मी म्हणाले. "त्रास झाला असेल तर मला झालाय."

गाडीखालून जावई हसले. मुलगी हसली नाही. ती हसत नाही अशात.

सहा महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक डावा हात, त्यात काठी, आणि घशातून निघणारा एक 'हं'. पाणी हवं का, हं. नको का, हं. घराला आग लागली का, तरी हं. मुलीने सहा महिने शहरातून खेपा घातल्या, नोकरी सांभाळून घातल्या, हे मी नाकारत नाही. मग तिने ठरवलं, आम्हा दोघांना तिच्याकडे न्यायचं, सहाव्या मजल्यावर. घराला कुलूप. सोमवारी सामानाची गाडी येणार होती, आणि त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे त्या रविवारी, ही पिकअप जाणार होती.

पिकअप माझ्या लग्नाआधीची. फिकट हिरवा रंग, लांब तोंड, मागे काचा उभ्या ठेवायला लाकडी घोडा. चार तासांच्या रस्त्यावर एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवून ठेवतात, त्यांना ती हवी होती. जावई चालवत नेऊन पोचवणार होते आणि मुलगी मागून स्वतःच्या गाडीने जाऊन त्यांना परत आणणार होती. त्या गृहस्थांनी एवढंच बजावलं होतं, गाडी सहा महिने उभी आहे, ऑइल बदलल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

"ह्यांना विचारून सांगते," मी मुलीला आठवड्यापूर्वी म्हणाले होते.

"विचार. आणि ते 'हं' म्हणतील त्याचा अर्थ काय होतो, तेही सांग."

जीभ माझीच उचलली आहे तिने. तक्रार कोणाकडे करू?

मी तिला सहा महिने एकच सांगत आले होते. बाबांना सगळं कळतं. त्यांचा प्रत्येक 'हं' मला कळतो. हा चहाचा, हा खिडकी लावायचा, हा तुझ्या नवऱ्याची चौकशी करायचा. मी सांगायची आणि ती माझ्याकडे बघत राहायची. खरं सांगायचं तर मला काहीच कळत नव्हतं. माझ्याच मनात येईल ते मी त्यांच्या तोंडी घालत होते.

आणि पंधरा दिवसांपूर्वी मी एक वाईट गोष्ट केली. ह्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन चमचे. म्हटलं, एकदाचं कळू तरी दे, आत कोणी आहे की नाही. चहाच्या बाबतीत हा माणूस असा, की साखर अर्धा चमचा कमी पडली तर कप खाली ठेवायचा. ह्यांनी कप उचलला, घोट घेतला, आणि शेवटपर्यंत प्यायले. थेंब ठेवला नाही. मी कप विसळला आणि बराच वेळ नळ बंद करायचं विसरले. हे मी कोणाला सांगितलं नाही.

तर आता जावई. माणूस वाईट नाही. अंग मोडून काम करतो, उद्धट बोलत नाही. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करून घेतलं, हे बरोबरच केलं, कोमट ऑइल लवकर उतरतं. पण जी वस्तू निघेल ती रॉकेलच्या बादलीत टाकत होते. ऑइलच्या चेंबरखालचा नट, बुडुक. त्याचा तांब्याचा वॉशर, बुडुक. काळं ऑइल घमेल्यात पडायला लागलं तशी त्यांनी फिल्टरला पाना लावला.

"जावईबापू," मी म्हणाले, "ओळीने मांडा सगळं. फडकं अंथरलंय मी."

"आई, धुऊन पुसूनच लावतो. काळजी करू नका."

जावयाला एकदा सांगता येतं. दुसऱ्यांदा सांगितलं की मुलगी बोलते.

आमच्याकडे ऑइल बदलायची एक पद्धत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांच्याकडून एकदा नटाचा वॉशर लावायचा राहिला. अर्ध्या वाटेत इंजिन कोरडं पडलं आणि आम्ही दोघं बारा काचांसकट दिवसभर रस्त्यात. तेव्हापासून हे स्वतःवर विसंबले नाहीत. गाडीची निघालेली एकेक वस्तू फडक्यावर मांडायचे, मांडली की पान्याने जमिनीवर एक ठोका, आणि मी शेजारी बसून आकडा म्हणायची. मी शाळा दोन वर्षं पाहिली. अक्षरांशी माझं फारसं जमलं नाही, पण आकडा माझा पक्का. एक नट, दोन वॉशर, तीन फिल्टरचा लांब बोल्ट, चार फिल्टरचा डबा, पाच स्प्रिंग, सहा चकती, सात जुना फिल्टर, आठ रबराची रिंग. आठ मांडल्याशिवाय नवीन पुडकं फोडायचं नाही. मुलगी लहान असताना माझ्या मांडीवर बसून हे सगळं नाकाशी नेऊन बघायची. म्हणून ह्यांनी तिचं नाव ठेवलं भिंग. लाडात आले की भिंगू.

जावयांनी डबा खाली उतरवला. आतल्या वस्तू एकेक करून बादलीत गेल्या. मग हात पुसून त्यांनी नवीन फिल्टरचं खोकं फोडलं, त्यातली नवी रिंग काढली, बोटाने तिला ऑइल लावलं, बादलीतल्या बाकी वस्तू पुसून घेतल्या आणि परत गाडीखाली सरकले.

तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा काठी आपटली.

"काय झालं?" मुलगी दचकली. मग माझ्याकडे वळून, "आई, बाबांना काय झालं?"

ठक, ठक, ठक. डावा हात, पण जोर असा की शेडच्या फरशीवरची धूळ उडाली. तोंड लाल. नजर गाडीखाली.

"बाथरूमला जायचंय का? हो? जायचंय बाबांना?"

"हं."

"बघ, जायचंय." ती खुर्ची धरायला गेली तशी काठी तिच्या पायाशी आपटली. "मग पाणी? पाणी हवंय?"

"हं." ठक, ठक.

गाडीखालून जावयांचा आवाज आला. "माझं काही चुकतंय का आई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सहा महिने मी दुभाषी होते ना. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळलं नाही. पण कळलं नाही म्हणायची सवय मला नाही.

"ते म्हणतायत," मी म्हणाले, "चेंबरचा नट नीट आवळा."

जावयांनी बिचाऱ्यांनी नट पुन्हा आवळला. "झालं बाबा. घट्ट आहे."

ठक, ठक, ठक, ठक.

"ते म्हणतायत, घमेलं बाजूला घ्या, पाय लागेल."

घमेलं बाजूला झालं. काठी थांबली नाही. जावई बाहेर आले, बॉनेटखाली वाकून नवीन ऑइल ओतायला लागले, एक डबा, दुसरा डबा, आणि मी एकामागून एक अर्थ सांगत सुटले. हळू ओता म्हणतायत. नरसाळं पुसा म्हणतायत. झाकण सांभाळा म्हणतायत. जावई प्रत्येक वेळी मुकाट्याने तसं करत होते, आणि काठी आपटतच होती. शेवटी माझ्याजवळचे अर्थ संपले.

मुलगी माझ्याजवळ आली. आवाज खाली घेतला, पण हे हातभर अंतरावर होते, तेवढा खाली नव्हता.

"आई, पुरे आता. तुलाही काही कळत नाहीये."

मी फडक्याचं टोक सरळ करायला लागले.

"तुला कधीच कळत नव्हतं. तू आपलं सांगत होतीस आणि मी ऐकून घेत होते. बाबांना काही समजत नाही गं. डॉक्टर म्हणाले नाहीत का, असं मधूनमधून होणार. हात आपटतील, चिडतील. त्याला काही अर्थ नसतो."

"नसतो कसा?"

"मग सांग ना. सांग, आत्ता काय म्हणतायत ते."

मला तो रिकामा कप दिसत होता, तळाशी न विरघळलेलं मीठ.

"मी त्यांना आत नेते," ती म्हणाली. "तू चहा ठेव. हे निघतील मग." तिने खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची घराकडे वळवली. दोन पावलं गेली असेल. ह्यांनी काठी उलटी धरली आणि चाकाच्या तारांत घुसवली. खुर्ची कच्चकन थांबली. मुलगी पुढे झुकली, पडता पडता राहिली.

"बाबा! असं करायचं नसतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. काठी तारांतून सोडवली, सावकाश, आणि पुन्हा जमिनीवर मारली. पण आता जोरात नाही. मोजून मारल्यासारखी. मारली, थांबले. परत पहिल्यापासून मारली, थांबले.

जावई गाडीत जाऊन बसले होते. या गाडीला किल्लीने सुरू व्हायची सवय नाही, पायाखालचं बटण दाबावं लागतं. "घेतो स्टार्ट," त्यांनी आतून सांगितलं आणि चोक ओढला. चोकचा तो किरकिरणारा आवाज आला, आणि का कोण जाणे, त्या आवाजाबरोबर माझे ओठ आपोआप हलायला लागले. चाळीस वर्षांची सवय.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

थांबले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

थांबले. सातावर थांबले. काठी वर उचललेली, हवेत, आणि नजर माझ्या तोंडावर. आठवा ठोका पडत नव्हता.

मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. बॉनेटला पोट टेकलं इतकी जवळ.

"आई," मुलगी ओरडली, "काय करतेस?"

"जावईबापू, पाय काढा बटणावरून."

ते काच खाली करून बघायला लागले. मी बादलीशी गेले, खाली बसले आणि कोपरापर्यंत हात रॉकेलमध्ये घातला. निघालेल्यापैकी बाकी सगळं परत गाडीत गेलं होतं. उरायला हव्या होत्या दोनच वस्तू, जुना फिल्टर आणि जुनी रिंग. हाताला फिल्टर लागला. तो मी फडक्यावर ठेवला. परत हात घातला, तळ चाचपला, कडा चाचपल्या. रॉकेल आणि गाळ.

"जुनी रिंग कुठे आहे?" मी विचारलं.

जावई खाली उतरले. "नवी लावली ना आई. फिल्टरच्या खोक्यातच होती."

"नवी नाही विचारत. जुनी काढलीत का?"

त्यांनी बादलीत वाकून बघितलं. "जुनी... डब्याबरोबर पडली असेल कुठे तरी. मला नाही दिसली."

"ती पडत नाही. ती वर खाचेत चिकटून बसते. काळ्यावर काळी. काढल्याशिवाय निघत नाही." माझ्या हातातून रॉकेल निथळत होतं. "तिच्यावरच दुसरी बसवलीत तर डबा बसल्यासारखा वाटतो. रस्त्याला लागलात, इंजिनाला जोर आला, की फटीतून सगळं ऑइल बाहेर. मग इंजिन जाम. त्या पहिल्या वर्षानंतर ह्या गाडीचं इंजिन कोणी बिघडवलं नाही. तिच्या शेवटच्या फेरीला तुम्ही बिघडवणार का?"

"आई, बारा वाजत आले," मुलगी म्हणाली. "ते गृहस्थ थांबलेत. एकदा स्टार्ट करून बघू ना. गळालं तर बंद करू."

"उभ्या गाडीत कदाचित गळणार नाही. वाटेत गळेल."

"कशावरून पण? तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांनी."

तिने डोळे मिटून घेतले. मला तिची कीव आली, खरंच. थकली होती पोर. पण त्या घटकेला माझ्याकडे कीव करायला सवड नव्हती.

"उघडा डबा," मी जावयांना म्हणाले. "वर रिंग नसली, तर उद्या मी मुकाट्याने तुमच्याबरोबर येते. सामानाच्या आधी मी गाडीत बसेन. ह्यांना काही कळत नाही, असं मी स्वतःच्या तोंडाने कबूल करेन. परत एक शब्द काढणार नाही."

"आणि असली तर?" मुलीने विचारलं.

"असली तर बघू."

बोलून गेले आणि लगेच वाटलं, परत गिळावं. कारण मला खात्री नव्हती. सात ठोके मीच मोजले असतील, ह्यांनी मारले नसतील. डॉक्टर म्हणाले तसे हात आपटत असतील आणि माझ्या कानांनी आपल्या सोयीने सात ऐकले असतील. सहा महिने मी दुसरं काय करत होते?

जावई परत आडवे झाले. त्यांचा शर्ट आता पाठीला काळा झाला होता. बोल्ट सुटल्याचा आवाज आला. डबा कोरडाच उतरला, इंजिन फिरल्याशिवाय ऑइल तिथवर चढत नाही. मग त्यांचा हात बाहेर आला आणि हातात एक रिंग. कोरी, चकाकणारी.

"ही नवी. एवढीच आहे आई. वर हात फिरवून बघितला. नुसती खाच लागते."

मुलगी फोनवर वेळ बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मी शेडच्या कोपऱ्यातल्या पेटीशी गेले. काच बसवायची हत्यारं होती त्यात, काच कापायची हिरकणी, चिमटे, पुटीची सुरी, आणि तळाशी माझी दाभण. पोती शिवायची दाभण होती ती. ह्यांनी तिचं टोक वाकवून घेतलं होतं, त्यावरून मी दोन दिवस भांडले होते.

"हाताला खाच लागते ती खाच नाही," मी वाकून म्हणाले, "ती रिंगच आहे, दबून सपाट झालेली. या टोकाने उपसा. हलक्या हाताने, गोल फिरवत."

दाभण गाडीखाली गेली. धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज. थांबला. परत सुरू झाला. काठी आपटायची बंद झाली होती, आणि शेडमध्ये इतकी शांतता, की तापलेला पत्रा तडतडताना ऐकू येत होता.

"नाही हो आई," जावई म्हणाले. "काही नाही इथे."

मग गाडीखालून वेगळ्याच आवाजात, "थांबा."

आणखी थोडं घासणं. मग ते सरकत बाहेर आले. केसांत माती, कपाळावर ऑइलचा ओघळ. दाभणीच्या टोकाला काळी, कडक, चपटी झालेली रिंग लोंबत होती.

ती त्यांनी मला दाखवली नाही. बायकोला दाखवली नाही. ते उठले, खुर्चीपाशी गेले, उकिडवे बसले आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"बाबा, हीच का?"

ह्यांनी काठी उचलली आणि एकदा मारली. आठवा ठोका. "हं," म्हणाले.

त्या 'हं'चा अर्थ मी कोणाला सांगितला नाही.

मुलगी जिथे होती तिथेच खाली बसली, ऑइलच्या डब्यावर. तिचा चेहरा मी बघत होते, आणि त्यावर एकेक गोष्ट परत येताना दिसत होती. हॉस्पिटलमध्ये खाटेच्या पायाशी उभी राहून ती नवऱ्याला म्हणाली होती, झोपेतच गेले असते तर सुटले असते. ते तिने ह्यांच्यासमोर म्हटलं होतं. मी तरी काय वेगळी? शेजारणीला खिडकीतून सांगितलं होतं, माणूस गेला बाई, नुसतं अंग ठेवून गेला. खिडकी ह्यांच्या पलंगावरचीच. ह्यांनी सहा महिने आम्हा दोघींचं सगळं ऐकलं होतं.

पुढचं काम जावयांनी ओळीने केलं. फडक्यावर मांडून, एकेक उचलून. डबा बसवला, बोल्ट आवळला, गाडीखाली कोरा कागद पसरला आणि मग बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. तोच आवाज, जाड, एकसारखा. पाच मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, कागद बाहेर ओढला. कागद कोरा.

ऑइल बघायची पट्टी त्यांनी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली. आणि तशीच घेऊन खुर्चीशी आले. "बाबा, बघता?"

ह्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. डाव्या हाताने पट्टी घेतली, उन्हाकडे धरली. मग पट्टी मांडीवर टेकवून अंगठा टोकावर फिरवला, तर्जनीवर चोळला, नाकाशी नेला. काचेची धार बघायचे तसं, घाई न करता. जावई तेवढा वेळ उकिडवे बसून होते. घड्याळ पाहिलं नाही.

"हं."

"मग नेऊ का गाडी?" जावयांनी विचारलं. "की नको? तुम्ही सांगाल तसं."

मुलगी उठून उभी राहिली. "आई, बाबांना गाडी द्यायची नसेल तर..."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

ह्यांची नजर गाडीच्या तोंडापासून मागच्या लाकडी घोड्यापर्यंत गेली आणि परत आली. मग काठी उचलली आणि फाटकाकडे धरली. दोनदा हलवली. जा.

जावयांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि निघाले. पिकअप फाटकातून बाहेर पडली, वळणावर हळू झाली, जशी काचा भरलेल्या असताना व्हायची, आणि दिसेनाशी झाली. आवाज त्यानंतरही थोडा वेळ येत होता. तो संपेपर्यंत ह्यांनी मान वळवली नाही.

मुलीला मागोमाग निघायचं होतं. पण ती आत गेली आणि तीन कप चहा करून घेऊन आली. एक तिने ह्यांच्या हातात दिला. बाळाचा आवाज काढला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

ह्यांनी कप तोंडाजवळ नेला. आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग कप माझ्यासमोर धरला. आधी तू.

त्यांच्या तोंडाची डावी बाजू, जी अजून त्यांची होती, ती थोडीशी वर गेली होती.

"काय झालं?" मुलीने विचारलं. "गरम आहे का?"

मी कप घेतला, एक घोट प्यायले आणि परत त्यांच्या हातात दिला.

"साखरच आहे," मी ह्यांना म्हणाले.

मग ते प्यायले. शेवटपर्यंत.

फडक्यावर जुना फिल्टर आणि जुनी रिंग शेजारी शेजारी पडली होती. गाडी उभी असायची तिथली फरशी चौकोनी, स्वच्छ दिसत होती. मुलगी किल्ली हातात घेऊन निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. डोळे सुजले होते तिचे. माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, उद्या सामानाची गाडी येऊ दे की नको? बाबांना इथेच राहायचं असेल का गं?"

मी कप खाली ठेवला.

"भिंगू," मी म्हणाले, "आजपासून ह्यांच्याबद्दल मला काही विचारायचं नाही. मी सांगायची ते माझ्या मनचं होतं, त्यांचं नव्हतं, आणि मीही यापुढे सांगणार नाही. ते बसलेत समोर. खाली बस, त्यांच्या तोंडाकडे बघ आणि त्यांना विचार. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तुझ्याकडे असेल तर विचार. नसेल तर तू निघ."